दार उघडा, उशीर झालाय

“ओ ताई, तेवढी कडी काढा. उशीर झालाय.”

ताई म्हणजे मी, आण्णांची सून. लग्न होऊन कराडला आले तेव्हापासून ते मला पद्मा म्हणत. पण त्या वर्षी गुढीपाडव्यानंतर माझं नाव त्यांच्या डोक्यातून कुठंतरी गळून पडलं आणि मी ताई झाले. माझ्या सासूबाई, म्हणजे त्यांच्या लग्नाच्या बायकोच, नुसत्या ‘बाई’ झाल्या.

आण्णा दाराशी उभे होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्याचं वरचं बटण खालच्या काजात. तेल लावून चापून बसवलेले केस. तोंडाला पावडर इतकी, की भुवयासुद्धा पिठात बुडाल्यासारख्या दिसत होत्या.

“कुठं जायचंय आण्णा?”

“तिकडं.” त्यांनी दाराच्या पलीकडं कुठंतरी हात केला. “ती माणसं वाट बघत असतील हो.”

“कुठली माणसं?”

यावर त्यांनी माझ्याकडं फार दयेनं पाहिलं. एवढं साधं हिला कळत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मग ते पुन्हा दाराकडं वळले आणि कडी हलवायला लागले.

हे रोजचं होतं. सकाळी आण्णा शांत असत. पेपर उलटा धरून वाचत, नातवंडांच्या जुन्या फोटोंशी गप्पा मारत, जेवून झोपत. पण दुपार कलली आणि उन्हं समोरच्या भिंतीवर चढली, की त्यांच्या पायांत भिंगरी शिरायची. पाटबंधारे खात्यात कॅनॉल इन्स्पेक्टर होते ते. उभा जन्म कालव्याच्या कडेनं चालण्यात गेलेला. डोकं थकलं होतं, पाय नव्हते. एकदा ते कृष्णेच्या घाटापर्यंत पोचले, एकदा हायवेच्या कडेला सापडले. दुसऱ्या वेळी एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवून त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं होतं. त्या संध्याकाळी धैर्यशील, म्हणजे माझे यजमान, हार्डवेअरच्या दुकानातून पिशवीभर सामान घेऊन आले.

तेव्हापासून आमचं दार हे एक प्रकरणच झालं.

आधी त्यांनी वर, चौकटीच्या टोकाला कडी बसवली. आण्णा उंच. त्यांनी छत्रीच्या मुठीनं ती अलगद ओढली आणि बाहेर पडताना छत्री परत खुंटीला लावून गेले. मग आमच्या डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, की दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा सोडा. दार दिसलंच नाही तर जाण्याची आठवण होत नाही. आम्ही पिवळट पडदा शिवून लावला. आण्णांनी तो हातानं चाचपला, बाजूला सारला आणि मला म्हणाले, “पडदा चांगला हाय. कितीला पडला?” मग कुणीतरी सांगितलं, दारापुढं काळं पायपुसणं टाका, अशा माणसांना तो खड्डा वाटतो, ते ओलांडत नाहीत. इतरांना वाटत असेल. आण्णांनी पँटचे पाय वर खोचले आणि शेतातली चारी ओलांडतात तसे टुणकन पलीकडं गेले. वर मला हात देऊन म्हणाले, “या, घाबरू नका. पाणी कमीच हाय.”

मी हसून हसून खाली बसले होते. धैर्यशील मात्र हसले नाहीत.

अखेर जमलं ते खालच्या कडीनं. जमिनीपासून वीतभर उंचीवर, जिथं कुणी बघायच्या फंदात पडत नाही अशा जागी त्यांनी ती बसवली. दूधवाला आला की मला ओणवं व्हावं लागे, पण आण्णांना काही ती सापडली नाही. दाराला गाईच्या गळ्यातली पितळी घंटा बांधली. आण्णांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात नाव-पत्त्याची पट्टी शिवली. शेजारच्या शमशाद भाभींपासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं. एवढं होऊनही धैर्यशीलना चैन पडेना. आम्ही दोघी बाजारात जाऊ तेव्हा बाहेरून कुलूपच घालावं, असं त्यांच्या मनात होतं. डॉक्टरीणबाईंनी ते साफ उडवून लावलं. “माणसाला एकट्याला कोंडायचं नाही. आत शेगडी पेटली, पडले, तर बाहेर यायचं कसं त्यांनी? कडी घाला, पण घरात कुणीतरी हवंच.”

त्यामुळं आण्णा सुखरूप होते. पण सुखात नव्हते.

कडी हलवून हलवून त्यांचे हात लाल होत. आधी विनंती, मग चिडचिड, मग दारावर थापा. शेवटी तिथंच जमिनीवर बसून म्हणत, “गेली बघा गाडी.” आणि पोराच्या तोंडावर येतं तसं रडू त्यांच्या तोंडावर यायचं. त्या वेळी सासूबाई हमखास मोरीत असत. घासलेली भांडी पुन्हा घासत. एकदा आण्णा त्यांना म्हणाले होते, “अहो बाई, तुम्ही ह्या घरात कामाला हाय न्हवं? मालकांना सांगून दार उघडून घ्या की.” सासूबाई, म्हणजे आमच्या आई, तेव्हा फटकन म्हणाल्या, “पन्नास वर्सं कामालाच हाय, पण मालक ऐकत न्हाईत.” आम्ही सगळे हसलो. आईही हसल्या. मग मोरीत गेल्या आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

धैर्यशीलना वाटे, आण्णा ऑफिसला निघतात. म्हणून एकदा ते म्हणाले, “आण्णा, आज रविवार. सुट्टी आहे, ऑफिस बंद आहे.”

आण्णा एकदम तरतरीत झाले. “सुट्टी हाय म्हणून तर जायचं!”

याचा अर्थ आम्हाला कुणालाच लागला नाही.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी घरी हळदीकुंकू ठेवलं. आईच म्हणाल्या होत्या, “ठेव गं. किती दिवस झाले घरात चार बायका येऊन. नुसतं कड्या-कोयंड्यांचं घर झालंय.” त्यांनी स्वतः ट्रंकेतलं हिरवं रेशमी लुगडं काढलं, मोगऱ्याचा गजरा माळला. आई सावळ्या, ठसठशीत बांध्याच्या. त्या दिवशी अशा काही शोभून दिसत होत्या, की मी दृष्ट काढली तर म्हणाल्या, “माझी कशाला? वाणाच्या वाट्यांची काढ, एक फुटलीय.”

आण्णांना आतल्या खोलीत बसवलं होतं. धैर्यशील त्यांच्याजवळ होते. बायका येत होत्या, जात होत्या. प्रत्येकीमागं ओणवं होऊन कडी लावणं काही जमेना, म्हणून दार नुसतं लोटून ठेवलं. ती घंटाही एकसारखी वाजायला लागली, म्हणून कुणीतरी तिचा लोळा फडक्यानं बांधून टाकला. मी अत्तर लावत होते, आई कुंकू लावत होत्या, भाभी तिळगूळ वाटत होत्या. “आमच्या घरचा शिरकुर्मा खाताना गोड बोलता, मग तिळगूळ खाऊन कडू का बोलता गं?” असं म्हणून त्या गल्लीतल्या भांडखोर बायकांना हसवत होत्या. घर कसं भरून गेलं होतं.

तेवढ्यात धैर्यशील बाहेर आले. “आण्णा इकडं आलेत का? मी फोनवर बोलत होतो तेवढ्यात...”

मी अत्तराची कुपी खाली ठेवली. न्हाणीघर पाहिलं, माडी पाहिली, मागचं अंगण पाहिलं. आण्णा नव्हते.

दारात चपला शोधत असलेली पलीकडच्या गल्लीतली एक नवी सून म्हणाली, “पांढऱ्या शर्टातले काका ना? ते मघाशीच गेले. मीच दार धरलं त्यांना. मी म्हटलं, जपून जा काका.”

“अगं बाई! काही म्हणाले का?”

“म्हणाले, मल्हारपेठेला निघालोय, उशीर झालाय. मी तिळगूळ दिला तर खिशात ठेवला. म्हणाले, तिथं गेल्यावर देतो.”

आईंच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला. मल्हारपेठ म्हणजे आईंचं माहेर. पण तिथं आता कुणी उरलं नव्हतं. त्यांचे आईवडील कधीच गेले, भाऊ पुण्याला जाऊन स्थायिक झालेला. घर विकूनही बरीच वर्षं झाली होती.

धैर्यशील मोटारसायकल काढून घाटाच्या दिशेनं सुटले. मी स्कूटीची किल्ली घेतली तशा आई उठल्या.

“मी येते.”

“आई, तुम्ही बसा. एवढं लुगडं नेसून...”

“स्टँडवर चल,” त्या म्हणाल्या. आवाज असा, की पुढं बोलायची सोय नव्हती. “भाभी, आलेल्या बायकांचं तेवढं बघा.”

“तुम्ही जावा बिनघोर,” भाभी म्हणाल्या. “मी आहे.”

लुगड्याचा काष्टा सावरत आई माझ्या मागं बसल्या. बाजाराचा दिवस नसूनही रस्ता तुडुंब होता. मी प्रत्येक पांढऱ्या शर्टाकडं बघत होते. माझ्या डोळ्यांपुढं तो हायवे, ते ट्रक.  आई मागून एकदाच बोलल्या. “ह्या वेळी तरी बरोबर गाडीत बसू देत.” मला वाटलं, घाबरून काहीतरी बोलताहेत.

स्टँडवर शिरलो आणि मला ते दिसले. मल्हारपेठवरून जाणाऱ्या पाटणच्या गाडीच्या फलाटासमोरच्या बाकावर आण्णा अगदी टोकाला बसले होते. गुडघे जुळवलेले, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

मी धावले. “आण्णा! चला घरी. किती घाबरवलंत आम्हाला!”

त्यांनी माझा हात झटकला. “कोण तुम्ही? मला गाडी पकडायची हाय.”

“आण्णा, मी पद्मा. तुमची सून.”

“माझं अजून लगीन न्हाई झालं. सून कुठनं आली?”

बाकावरच्या दोन बायका आमच्याकडं बघायला लागल्या. एक गृहस्थ उठून जवळ आले. “काय हो बाई, कशाला ओढताय त्यांना? ते नाही म्हणताहेत ना?” मी पत्त्याची पट्टी दाखवायला आण्णांच्या खिशाकडं हात नेला, तर आण्णा ओरडले, “खिशाला हात लावतीया बघा!” लोक जमायला लागले. तेवढ्यात फलाटाला गाडी लागली, दार उघडलं आणि आण्णा उठून चालू लागले. मी पुन्हा त्यांचा दंड धरला. त्यांनी हिसडा दिला. त्यांच्या अंगात इतकं बळ आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

“पद्मा, सोड त्यांना,” मागून आई म्हणाल्या.

“आई, गाडी सुटेल!”

“सोड म्हणते ना.”

मी सोडलं. आईंनी डोक्यावरून पदर घेतला, गजरा नीट केला आणि गाडीच्या दाराजवळ येऊन आण्णांच्या समोर उभ्या राहिल्या.

“पाव्हणं कुठलं म्हणायचं?”

एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवून आण्णा थांबले. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदाच त्यांना असं थांबलेलं पाहिलं. त्यांनी शर्टाची बाही ओढून सरळ केली. “मी कराडचा. मल्हारपेठेला निघालोय. कदमांकडं.”

“कदमांकडं काय काम काढलंत?”

आण्णांनी इकडंतिकडं बघितलं. मग मान खाली घातली आणि पावडरीखालून त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. खरंच सांगते, लाल झाले होते.

“मुलगी बघायला बोलावलंय.”

 जवळ आलेले ते गृहस्थ दोन पावलं मागं सरले.

आईंच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.  पण आवाज त्यांनी ठणठणीत ठेवला. “मग बरंच झालं गाठ पडली. मी कदमांच्याच घरची. तुम्हाला न्यायला पाठवलंय मला. पाव्हणं चुकून दुसऱ्याच गाडीत बसायचं, म्हणून.”

“आता इतका उशीर झालाय. त्यांनी दार लावून घेतलं असंल.”

“कोण म्हणतं? दार सताड उघडं हाय. मी आत्ता तिथनंच आले.”

“खरं?”

“खोटं कशाला बोलू? सगळी वाट बघत्यात.”

आण्णांनी गाडीच्या पायरीवरचा पाय खाली घेतला. आई पुढं आणि ते मागं, असे दोघं निघाले. कुणी कुणाचा हात धरला नव्हता. बाकावरच्या त्या दोघींपैकी एकीनं पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, “जा बाई, रिक्षा बघ लवकर.”

रिक्षावाल्याला मी पत्ता सांगितला आणि स्कूटी त्याच्या शेजारून हळूहळू चालवत राहिले. धैर्यशीलना फोन करून एवढंच सांगितलं, की सापडले, घरी या, आणि घराचं दार उघडं ठेवा. ते ‘काय ठेवा?’ असं ओरडले तोवर मी फोन ठेवला होता. रिक्षातलं बोलणं गर्दीत अडकलो की मला ऐकू यायचं.

“मुलगी कशी हाय हो?” आण्णा हळू आवाजात विचारत होते.

“रंगानं सावळी हाय. तोंडानं फटकळ.”

आण्णांनी जरा विचार केला. “फटकळ असली तर बरंच हाय. मला बोलायला जमत न्हाई.”

“भाकरी मात्र बरी करती.”

“तिनं नापसंत केलं तर?”

“न्हाई करायची.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“तिच्या पोटातलं सगळं मला ठाऊक असतं,” आई म्हणाल्या, आणि रिक्षाच्या बाहेर तोंड करून बसल्या. मी समांतर चालले होते, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

घरी दार सताड उघडं होतं. त्यात धैर्यशील गोंधळलेल्या चेहऱ्यानं उभे. मी पुढं होऊन भाभींच्या कानात दोन वाक्यं सांगितली. शमशाद भाभींना अख्खी गोष्ट कधीच सांगावी लागत नाही. त्यांनी कमरेला पदर खोचला आणि उंबऱ्यात येऊन म्हणाल्या, “या पाव्हणं, या! वाट बघून डोळं शिणलं आमचं. पाय धुवायला पाणी आण गं कुणीतरी!”

आण्णांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, एकमेकींशेजारी नीट लावल्या. पाय धुतले. काळं पायपुसणं होतं, त्यावर त्यांनी खुशाल पाय पुसले. आत आले तशा दहा-बारा बायका सावरून बसल्या. घरात दिवाळी आल्यासारखी सगळ्यांच्या तोंडावर मजा आली होती.

आण्णा खुर्चीच्या टोकावर बसले. भाभी मुलीच्या मावशीच्या थाटात समोर.

“नोकरी कुठं म्हणायची?”

“पाटबंधाऱ्यात. कायम हाय.”

“पगार घरात देता का मित्रांवर उडवता?”

“आईकडं देतो.”

“लग्नानंतर कुणाकडं द्याल?”

आण्णा अडकले. सगळ्या बायका पुढं सरकून ऐकत होत्या. “तिच्याकडं,” ते म्हणाले, “पण आईला सांगू नका.”

असा हशा पिकला, की भिंतीवरचं घड्याळ हललं असेल. धैर्यशीलही हसले. दाराशी किती महिने तोंड आवळून उभे असलेले ते, खांबाला टेकून खो खो हसत होते. कुणी विचारलं, स्वयंपाक येतो का. आण्णा म्हणाले, चहा येतो, पण साखर चुकते. कुणी विचारलं, बायकोला मारणार तर नाही ना. तर ते इतके दुखावले, की विचारणारीनं कान धरून माफी मागितली.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. घरात लाडू होते, वड्या होत्या, पण त्यांच्या हातातल्या ताटलीत गुळाचा खडा होता आणि मूठभर भाजलेल्या शेंगा. दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी ते आण्णांच्या पुढं ठेवलं. आण्णांनी गुळाचा तुकडा मोडला, दोन शेंगा फोडल्या, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले आणि एक मोठा श्वास सोडला. मग त्यांना खिशातला तिळगूळ आठवला. तो त्यांनी आईंच्या हातावर ठेवला. मुलगी कुठं आहे, असं त्यांनी विचारलंच नाही. खुर्चीत मागं टेकले आणि बघता बघता झोपी गेले.

कितीतरी महिन्यांनी ती संध्याकाळ थापांविना गेली.

दिवेलागणीला बायका पांगल्या. भाभी तेवढ्या मागं राहिल्या होत्या. आम्ही सांडलेली हळद गोळा करत होतो तेव्हा धैर्यशीलनी विचारलं, “आई, हे काय होतं? आण्णांची तुला बघायला यायची काय गोष्ट आहे? कधी बोलली नाहीस.”

“काय बोलायचं त्यात?” आई म्हणाल्या. “तुझ्या वडलांनी शपथ घातली होती, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून.”

मग त्यांनी सांगितलं. रविवार ठरला होता. आण्णांबरोबर त्यांचे मामा येणार होते, ते ऐन वेळी आजारी पडले म्हणून आण्णा एकटेच निघाले. आयुष्यात पहिल्यांदा मुलगी बघायला. घाबरून चुकीच्या गाडीत बसले ते थेट मसूरला पोचले, अगदी उलट्या दिशेला. तिथून परत कराड, मग मल्हारपेठची गाडी निघून गेलेली. कुणाच्या बैलगाडीतून, कुणाच्या सायकलवर मागं बसून, उरलेलं पायी.

“आमच्याकडं सकाळपासनं सगळी नटून बसलेली. दुपार कलली तसं वडील भडकले. असल्या बेभरवशाच्या माणसाला मुलगी देत न्हाई म्हणाले. सगळी रानात निघून गेली. मी लुगडं बदललं नि भांडी घासायला बसले. कडी वाजली. उघडलं तर हे दारात. धुळीनं माखलेलं, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. म्हणाले, ‘उशीर झाला.’ तेवढंच. पुढं बोलणंच सुचंना त्यांना. मी म्हटलं, झाला तर झाला, आत या. घरात पोहे संपलेले. गूळ-शेंगा दिल्या.”

“मग?” भाभींनी विचारलं.

“मग काय? लगीन झालं. पण पुढं कितीतरी वर्सं मला म्हणायचे, शालन, त्या दिवशी वाटभर एकच धास्ती होती गं. पोचीन तवा दार लावलेलं असंल.”

धैर्यशील दाराकडं बघत होते. वरची कडी, मधली जुनी कडी, खालची कडी. 

“मी किती स्क्रू मारले या दाराला,” ते म्हणाले.

“मारलेस ते बरंच केलंस. न्हाईतर हायवेवर गेले असते,” आई म्हणाल्या. “पण त्यांना बाहेर कुठं जायचंय, पोरा? त्यांना आत यायचंय.”

दुसऱ्या दिवसापासून आईंनी रीत घालून दिली. कड्या आपल्या जागी राहिल्या. रात्री आणि सकाळी त्या लागलेल्याच असत. पण दुपार कलली, आण्णा पावडर लावून उठले, की आई साडी बदलून दाराशी यायच्या. “चला पाव्हणं, न्यायला आलेय.” मी ओणवं होऊन कडी काढायची. दोघं बाहेर पडत, गिरणीवरून वळसा घालून, देवळापाशी जरा टेकून परत येत. तोवर मी दार सताड उघडून ठेवायची आणि उंबऱ्यात पाण्याची बादली. गल्ली हळूहळू यात सामील झाली. गिरणीवाले विचारत, “काय पाव्हणं, आज बोलणी पक्की का?” आण्णा लाजून म्हणत, “बघू, काय म्हणत्यात.” भाभींना वेळ असला की मावशी म्हणून येऊन बसायच्या आणि नवे नवे प्रश्न काढायच्या. एकदा त्यांनी विचारलं, हुंडा किती घेणार? आण्णा ताडकन उठले आणि हुंडा मागणाऱ्यांच्या घरी आपण पाणीही पीत नाही म्हणाले. त्यांना समजावून पुन्हा बसवताना आमची पुरेवाट झाली.

आण्णा त्यानंतर तीन उन्हाळे काढून गेले. एकदाही हरवले नाहीत.

त्यातली एक दुपार मला सगळ्यांत लख्ख आठवते. चैत्र होता. आई गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेल्या होत्या, त्यांना खाली यायला उशीर होत होता. आण्णा तयार होऊन बसले होते. मी मनात म्हटलं, आता उठतील, कडीला हात घालतील. पण ते उठले नाहीत. मला हातानं जवळ बोलावलं.

“ताई, एक बोलू का? राग मानू नका.”

“बोला की आण्णा.”

“ते कदम काय मुलगी दाखवीनात. रोज जातो, रोज गूळ-शेंगा खाऊन परत येतो.” त्यांनी जिन्याकडं चोरून बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. “तुम्ही मध्ये पडा आणि त्यांना सांगा, ती मुलगी राहू द्या म्हणावं. ह्या बाई रोज न्यायला येतात न्हवं, ह्यांचं कुठं जमलंय का, तेवढं बघा.”

मी तोंडावर पदर दाबला. कसंबसं म्हटलं, “विचारते.”

जिन्यावर पावलं वाजली होती. आई मधल्या पायरीवर उभ्या होत्या, हातात रिकामं सूप, कपाळावर घाम, गालाला कुरडईचं पीठ. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सत्तरी गाठलेली माझी सासू, पण त्या क्षणी चेहऱ्यावर जे उमटलं ते सत्तरीतलं नव्हतं.

“आई,” मी म्हटलं, “स्थळ आलंय.”

त्यांनी सूप खाली ठेवलं, गालावरचं पीठ पुसलं आणि आण्णांकडं न बघता, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मला म्हणाल्या, “विचार करून सांगते म्हणावं.”

आणि केस विंचरायला आत गेल्या.